लँडला की सीला?

माइहामा स्टेशनातून बाहेर पडलं की गर्दी दोन वाटांना लागते. उजवीकडे वळणाऱ्यांत बाबागाड्या जास्त, मिकीचे कान घरूनच डोक्यावर चढवून आलेली पोरं जास्त. ही मंडळी चालतच टोकियो डिस्नीलँडच्या दारात पोचतात. डावीकडचे लोक मोनोरेल पकडतात. तिच्या खिडक्याही मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. एकाच दिशेने गोल फिरणारी ही गाडी त्यांना टोकियो डिस्नीसीच्या दाराशी सोडते.

नावात टोकियो असलं तरी दोन्ही पार्कं आहेत शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासू शहरात. लँड १५ एप्रिल १९८३ रोजी उघडलं. अमेरिकेबाहेरचं ते पहिलं डिस्नी पार्क. सी आलं अठरा वर्षांनी, ४ सप्टेंबर २००१ रोजी. दोन्हींची मालकी ओरिएंटल लँड या जपानी कंपनीची. डिस्नीला मिळते ती नावाची, पात्रांची आणि आराखड्यांची रॉयल्टी. तिकिटाचे दरही सारखेच. असं असूनही लोक आपण लँडचे की सीचे, हे ठासून सांगतात.

हा वाद मराठीतही चालतो. उरायासूहून नदी ओलांडली की टोकियोचा एदोगावा प्रभाग लागतो, आणि त्यातलं निशी-कासाई म्हणजे २००० सालाच्या आसपास आलेल्या भारतीय संगणक अभियंत्यांनी धरलेली वस्ती. याच प्रभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून गेले. इथल्या एका घरात सध्या पेच पडलाय. पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, नात अजून सहाची व्हायची आहे, आणि डिस्नीसाठी मोकळा दिवस मिळतोय एकच. साधं एक दिवसाचं तिकीट एकाच पार्कात चालतं. वहिनींनी लँड ठरवून टाकलं होतं. दिरांनी तोंड उघडलं आणि ठरलेलं मोडलं.

"भावजी, पाच वर्षांच्या पोरीला सीला नेऊन दाखवायचं काय? बंदर?"

"बंदरच दाखवायचं, वहिनी. किल्ला काय, तिने पुस्तकात शंभरदा पाहिलाय."

"म्हणून तर तिला तो खरा बघायचाय! लँडमध्ये शिरलं की वर काचेचं छत, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि समोर सरळ रेषेत सिंड्रेलाचा किल्ला. कुठे जायचं हे पोरांना सांगावं लागत नाही."

"तेच तर मला नको असतं. तिथे सगळे धावत सुटतात. सीमध्ये मिराकोस्टा हॉटेलच्या कमानीखालून बाहेर आलात की समोर पाणी लागतं. पाण्यात धावत जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. तिथेच माणसाची चाल मंदावते."

दिरांनी गमतीत म्हटलं खरं, पण दोन्ही पार्कांच्या वातावरणातला फरक याहून नेमका सांगता यायचा नाही. लँडचा आराखडा फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडमवरून घेतलेला. मध्यभागी किल्ला, आणि त्याच्याभोवती फुटणाऱ्या वाटा. सीच्या मध्यभागी पाणी आहे आणि बंदरं त्या पाण्याच्या कडेने मांडलेली आहेत. इटालियन गाव, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं न्यूयॉर्क, अरबी बाजार, ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोचा तळ. एकातून दुसऱ्यात जाताना पूल चढावे लागतात, बोळ ओलांडावे लागतात. उंचीत मात्र दोघी बहिणी बरोबरीच्या. लँडचा किल्ला ५१ मीटरचा, आणि सीचा ज्वालामुखी, माउंट प्रोमिथिअस, तोही ५१ मीटरचाच.

सीच्या दारात किल्ला नाही, दीपस्तंभही नाही. एक मोठा पृथ्वीगोल आहे, ज्याच्या अंगावरून सतत पाणी वाहतं. त्यामागे एक गोष्ट सांगितली जाते. अमेरिकी आराखडाकारांच्या डोक्यात सुरुवातीला दीपस्तंभ होता. त्यांच्या लेखी तो घरी परतणाऱ्याला दिसणारा आशेचा दिवा. जपानी मंडळींना मात्र तो किनाऱ्यावर एकटाच उभा राहिलेला, उदास वाटला. दीपस्तंभ गेला, गोल आला. सीचा स्वभाव किती बारकाईने घडवला गेला, हे यावरून कळतं.

वहिनी सहजासहजी सोडणाऱ्या नव्हेत. "चाल मंदावते म्हणे! परेड बघायला कधी नीट बसलात का हो तुम्ही?"

बसलेले नव्हते. लँडची परेड म्हणजे काय, हे खरं तर ती यायच्या आधीच्या तासात कळतं. तासभर आधीपासून जागा धरायची मुभा असते, त्याआधी नाही. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या घडीच्या चटया पसरल्या जातात. चटईच्या कडेला बूट जोडीने ओळीत लागतात, जणू हे कोणाच्या तरी घराचं दार आहे. पुढच्या रांगांनी बसायचं, मागच्यांनी उभं राहायचं, हे बिनबोभाट पाळलं जातं. आजी थर्मासमधून चहा ओतते, बाबा गळ्यातल्या डब्यातून पॉपकॉर्न वाटतो. हे डबे विकतच मिळतात, दर हंगामाला नव्या आकाराचे, आणि पॉपकॉर्नच्या चवींमध्ये एक चव करीचीसुद्धा असते. आपल्याकडच्या माणसाला पहिल्या घासाला हसू येतं आणि नंतर डबा रिकामा होतो. मग गाणं लागतं, रथ येतात, आणि मिकी चटईवरच्या एकेका पोराकडे बघून हात हलवतो.

"आमच्या कन्येला वाटतं, त्याने तिलाच हात केला."

"वाटतं कशाला वहिनी, केलेला असतोच. ते लोक आपल्या कामात तरबेज आहेत. माझं म्हणणं इतकंच, की तुम्ही लँडला कोणाला तरी भेटायला जाता. मला भेटायचं नसतं कोणाला. मला नुसतं कुठेतरी असायचं असतं."

"आणि हातात बिअर हवी असते."

हा टोला बरोबर बसला. सीमध्ये पहिल्या दिवसापासून दारू मिळते. तिथल्या न्यूयॉर्कच्या धक्क्याला एस. एस. कोलंबिया नावाचं भलंमोठं जहाज लागलेलं आहे, त्यावर लाकडी फळ्यांनी मढवलेला एक बारही आहे. लँडमध्ये मात्र सर्वसामान्य पाहुण्यांना दारू मिळतच नसे. २०२० च्या ऑक्टोबरात काही मोजक्या रेस्टॉरंटमध्ये ती सुरू झाली, तेव्हा जपानी माध्यमांत त्याची बातमी झाली. वहिनींचं म्हणणं, सीला 'मोठ्यांचं पार्क' म्हणतात ते एवढ्याचसाठी.

"फक्त बिअर नाही," दीर म्हणाले. "पाळण्यांचे नियम बघा. जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ, इंडियाना जोन्स, रेजिंग स्पिरिट्स, तिन्हीला उंची ११७ सेंटिमीटर लागते. लँडच्या बिग थंडरला १०२, स्प्लॅश माउंटनला तर ९० चालते."

"म्हणजे माझाच मुद्दा सिद्ध झाला की! आमची कन्या त्या तिन्हींच्या दारातून परत येणार."

इथे वहिनींची सरशी झाली, पण पुरती नाही. सीमध्ये मर्मेड लगून नावाचा भाग आहे. तिथला खालचा राजवाडा पूर्ण छताखाली, आणि खेळ अगदी चिमुकल्यांसाठी. अरेबियन कोस्टवर सिंदबादची होडी आहे. तिला उंचीची अट नाही. अॅलन मेनकेनने चाल दिलेलं गाणं वाजत असतं, आणि होडी बोलक्या बाहुल्यांच्या मधून सावकाश सरकत जाते. सिंदबादच्या सोबतीला वाघाचं एक पिल्लू असतं, त्याचं नाव चांदू. जपानी पोरी 'चांदू, चांदू' म्हणत त्याचे फोटो काढतात, आणि निशी-कासाईचे मराठी लोक आपापल्या घरच्या चंदूला ते फोटो धाडतात. या होडीला रांग सहसा फारशी नसते. एवढा सुरेख खेळ असा दुर्लक्षित राहावा, ही सीच्या पाहुण्यांची चूकच म्हणायची.

वहिनींनी आपलं हुकमी पान आता काढलं. "आणि ते अस्वल?"

दीर गप्प झाले. 'अस्वल' म्हणजे डफी. सीला कितीही मोठ्यांचं पार्क म्हणा, तिथे दिवसभर हिंडणाऱ्या मोठ्या माणसांच्या काखेत एक टेडी असतो. मिकी समुद्रप्रवासाला निघाला तेव्हा एकटं वाटू नये म्हणून मिनीने त्याला हे अस्वल शिवून दिलं, अशी त्याची कहाणी. २००५ पासून तो सीमध्ये या नावाने आहे. त्याने नाव कमावलं ते सिनेमाच्या जोरावर नव्हे, तर या पार्कातल्या दुकानांत. मग शेलीमे आली, जेलाटोनी नावाचं चित्रकार मांजर आलं, स्टेलालू नावाची नाचरी सशीण आली, आणि गोतावळा वाढतच गेला.

हे प्रकरण जवळून बघण्यासारखं आहे. सीमधल्या केप कॉडच्या लाकडी घरांपाशी एखाद्या टेबलावर तिशीतल्या दोघी मैत्रिणी बसलेल्या असतात. समोरच्या दोन खुर्च्यांवर, माणसं बसावीत तशी, दोन बाहुली-प्राणी टेकवून ठेवलेले. त्यांचे कपडे हंगामाप्रमाणे बदललेले असतात, काही विकतचे, काही घरी शिवलेले. खायला येतं, पण घास घ्यायच्या आधी डफीचा कान सरळ केला जातो, स्टेलालूची मान किंचित वळवली जाते, आणि मग फोटो. आसपास कोणी हसत नाही. शेजारच्या टेबलावरही तेच चाललेलं असतं. दोन्ही पार्कांच्या पाहुण्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्यांचा वाटाही गेल्या काही वर्षांत वाढत वाढत सुमारे एक तृतीयांशापर्यंत आलाय. पोरंबाळं सोबत नसलेली मोठी माणसं हा आता या धंद्याचा कणा आहे.

"तर भावजी, लँडला पोरं येतात आणि सीला मोठी माणसं येऊन पोरं होतात. बरोबर?"

"लँडला काय वेगळं होतं? कॉलेजातल्या पोरी शाळेचा गणवेश घालून येतात."

खरंच येतात. 'सेइफुकु डिस्नी' म्हणतात त्याला. शाळा सुटून दोन-तीन वर्षं झालेली मुलंमुली कपाटातला, नाहीतर भाड्याने आणलेला गणवेश चढवून दिवसभर हिंडतात. चौघींचे मोजेही सारखे असतात. ही मंडळी सीलाही दिसतात, पण किल्ल्यासमोर त्यांची खरी जत्रा असते. याची दुसरी बाजू त्याहून मजेशीर आहे. उरायासू शहर आपल्या वीस वर्षांच्या तरुणांचा प्रौढ झाल्याचा सोहळा २००२ पासून टोकियो डिस्नीलँडमध्ये भरवतं. जानेवारीत लांब बाह्यांचे किमोनो, केसांत फुलं, गळ्याभोवती पांढऱ्या फरचा पट्टा, आणि व्यासपीठावर नगराध्यक्षांच्या जोडीला मिकी माउस. ज्यांना आता मोठं म्हणायचं त्यांचा समारंभ मुलांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पार्कात. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

तेव्हा लँड लहानांचं आणि सी मोठ्यांचं, ही वाटणी फार टिकत नाही. दिरांनी जाता जाता म्हटलेलं जास्त खरं वाटतं. लँडला लोक भेटायला जातात. मिकीला, परेडला, आपल्याच शाळकरी वयाला. सीला जातात ते एखाद्या ठिकाणी वेळ काढायला. साधा पुरावा म्हणजे दोन्हीकडचे फोटो. लँडच्या फोटोत माणूस मधोमध आणि किल्ला मागे. सीच्या फोटोत कित्येकदा माणसाची पाठ दिसते, आणि तो पाण्याकडे बघत असतो.

दिरांना गोराईची आठवण आली. लहानपणी लाँचने खाडी ओलांडून ते एस्सेल वर्ल्डला गेलेले. "तिथल्या दोन बहिणींची वाटणी किती सोपी होती! १९८९ चं एस्सेल वर्ल्ड कोरडं, १९९८ चं वॉटर किंगडम ओलं. टॉवेल घेतलाय का, एवढंच विचारायचं."

"इथे सीमध्ये समुद्र आहे आणि टॉवेल लागत नाही," वहिनी म्हणाल्या.

त्या समुद्राचीही एक कथा आहे. उरायासू मूळचं कोळ्यांचं गाव, शिंपले आणि नोरी या समुद्रशैवालावर जगणारं. १९५८ साली वरच्या अंगाच्या कागद कारखान्याच्या सांडपाण्याने पाणी नासलं. पुढे किनाऱ्यावर भराव पडत गेला, आणि १९७१ मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे उरलेले हक्कही सोडले. त्या भरावावर आधी लँड उभं राहिलं, मग सी. समुद्र हटवला आणि तिथे समुद्राचं पार्क बांधलं.

या भरावाची परीक्षा ११ मार्च २०११ रोजी झाली. भूकंपाच्या वेळी दोन्ही पार्कांत मिळून सुमारे ७०,००० पाहुणे होते. त्यातल्या वीसेक हजारांनी रात्र तिथेच काढली. कर्मचाऱ्यांनी डोक्यावर धरायला दुकानातल्या मऊ बाहुल्या वाटल्या आणि अंगाभोवती गुंडाळायला पुठ्ठ्याची खोकी. शहरात जागोजाग जमीन चिखलासारखी झाली. पार्कांखालची जमीन आधीच वाळू ठासून पक्की केलेली असल्याने ती टिकली. वाहनतळाला मात्र फटका बसला.

"आणि त्यानंतर आधी काय उघडलं?" वहिनींना हे पाठच होतं. "लँड. १५ एप्रिलला, वाढदिवशी. तुमचं सी २८ तारखेला. लोकांना धीर द्यायची वेळ आली तेव्हा किल्लाच आठवला ना?"

याला दिरांकडे उत्तर नव्हतं. गर्दीच्या आकड्यांचा आधार घ्यावा, तर तोही मिळत नाही. कंपनी दोन्ही पार्कांची गर्दी एकत्रच जाहीर करते. २०१८-१९ च्या आर्थिक वर्षात ती ३ कोटी २५ लाखांवर गेली होती, तो आजवरचा उच्चांक. त्यातले लँडचे किती आणि सीचे किती, हे कंपनी सांगत नाही. लँडसारखंच दुसरं पार्क काढलं असतं तर तेच गिऱ्हाईक दोन दारांत वाटलं गेलं असतं. मालकाला दोन बहिणी वेगळ्या दिसायला हव्या होत्या, आणि कमाई मात्र एकाच गल्ल्यात.

आता तो वेगळेपणाही पुसट होत चाललाय. ६ जून २०२४ रोजी सीमध्ये फँटसी स्प्रिंग्स हे आठवं बंदर उघडलं. खर्च सुमारे ३२० अब्ज येन. त्यात फ्रोजन, रॅपन्झेल आणि पीटर पॅन. म्हणजे राजकन्या, मनोरा आणि उडणारी पोरं. हे सगळं लँडमध्ये शोभलं असतं. सुरुवातीला त्या भागात जायलाच वेगळा पास लागे, आणि पहाटेपासून दारात रांगा.

"बघा, तुमचं सी आता आमच्याकडे यायला लागलंय," वहिनी म्हणाल्या.

"आणि त्याआधीच त्यांनी आमचं पार्क आमच्याकडून काढून घेतलंय. २०२० पासून वार्षिक पास बंद केला ना!"

दिरांच्या या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये. सीचं वातावरण केवळ पुलांनी आणि दिव्यांनी घडलेलं नव्हतं. कामावरून सुटून तासाभरासाठी यायचं, एकही पाळणा न घेता बंदराच्या कठड्याला टेकायचं आणि परत जायचं, ही चैन वार्षिक पासवाल्यांना परवडत होती. १९८३ साली लँडचं तिकीट ३,९०० येन होतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून मोठ्यांचं तिकीट तारखेनुसार ७,९०० ते १०,९०० येन पडायला लागलं. शिवाय लोकप्रिय खेळाची रांग टाळायची तर वेगळे पैसे. एवढे मोजल्यावर कोण नुसतं पाण्याकडे बघत बसेल? तो अॅप उघडतो आणि वेळा साधतो. येन स्वस्त झाल्यामुळे परदेशी पाहुणेही वाढलेत. त्यांना जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं सीच आधी बघायचं असतं, आणि तेही एका दिवसात सगळंच्या सगळं. संथपणासाठी नावाजलेल्या पार्कात आज लोक लँडइतकेच घाईत दिसतात. मोबाइल दोन्हीकडे सारखेच उंचावलेले.

"म्हणून मी संध्याकाळचं तिकीट काढतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पाचनंतरचं. अंधार पडला की अजूनही जुनं सी भेटतं."

"पण आई-बाबांना पाचनंतर नाही नेता यायचं. आईंचे गुडघे बघितलेत ना? सीला नुसते चढउतार. लँड कसं सपाट, आणि बसून बघायचं कितीतरी."

"सीला बोट आहे, वहिनी. धक्क्यावर चढायचं नि पलीकडच्या काठाला उतरायचं. वरून जाणारी छोटी आगगाडीपण आहे."

"आगगाडी लँडलाही आहे."

निकाल लागला तो फोनवर. पुण्याहून आईंनी चालण्याची चौकशी केली, डबा आत नेऊ देतात का ते विचारलं. नेऊ देत नाहीत. दोन्ही पार्कांच्या दाराबाहेर डबा खायला जागा केलेली आहे. बाबांनी एकच विचारलं, तो ज्वालामुखी खरंच पेटतो का. पेटतो, आग दिसते आणि आवाजही येतो, असं दिरांनी सांगताच बाबा म्हणाले, मग तिकडेच जाऊ. वहिनींनी अॅपमध्ये सीची तारीख धरली आणि अटी घातल्या. सुरुवात मर्मेड लगूनपासून, चांदूच्या होडीत दोनदा, आणि अस्वल विकत घ्यायचं नाही.

"आणि रात्रीचा बंदरातला शो कन्येला दिसला पाहिजे. तिला खांद्यावर घ्याल ना?"

"खांद्यावर घेऊ देत नाहीत, वहिनी. मागच्यांना दिसत नाही."

"मग तासभर आधी जाऊन जागा धरा. चटई मी देते. आणि बूट काढून बसा."